कार्लोफोर्ते: एका बेटाने जपलेली दुसऱ्या किनाऱ्याची बोली

सार्डिनियाच्या नैर्ऋत्य टोकापाशी सान पिएत्रो नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ५१ चौरस किलोमीटर, आणि साऱ्या बेटावर गाव एकच, कार्लोफोर्ते. वस्ती सहा हजारांच्या आसपास. सार्डिनियातल्या पोर्तोवेस्मे बंदरातून फेरीबोटीने पाऊण तासाच्या आत इथे पोचता येतं, शेजारच्या बेटावरच्या कालासेत्ताहून तर त्याहून लवकर. अंतर एवढंसं असूनही बोटीतून उतरल्यावर कानावर पडते ती सार्डिनियाची भाषा नसते. मासळीच्या दुकानात, धक्क्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर, शाळेतून घरी चाललेल्या पोरांच्या भांडणात ऐकू येते ती उत्तर इटलीतल्या जेनोआच्या किनाऱ्यावरची बोली. तिला तबार्कीनो म्हणतात. गावातले ८० टक्क्यांहून अधिक लोक ती बोलतात.

या लोकांच्या पूर्वजांनी जेनोआ सोडलं त्याला पावणेपाचशे वर्षं होऊन गेली. आज खुद्द जेनोआत तरुणांच्या तोंडी ती बोली क्वचित येते. मग इतक्या दूर, दुसऱ्या भाषेच्या शेजारात, ती टिकली कशी? तंजावरची मराठी ज्यांनी कधी कान देऊन ऐकली असेल, त्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही. भाषा टिकवण्याची चर्चा आपल्याकडे बहुधा कायदा, शाळा आणि संमेलनं यांच्याभोवती फिरते. कार्लोफोर्तेत यांतलं काहीही नसताना सव्वादोनशे-अडीचशे वर्षं बोली नीट नांदली. म्हणून या एका गावाचं प्रकरण तपशिलात पाहण्यासारखं आहे.

पेल्यी, तबार्का, सान पिएत्रो

गोष्ट सुरू होते जेनोआच्या पश्चिमेला असलेल्या पेल्यी या कोळीवस्तीत. १५४० च्या दशकात लोमेल्लिनी या जेनोआच्या धनाढ्य घराण्याला उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतचं तबार्का हे छोटं बेट पोवळी काढण्यासाठी मिळालं. आज ती जागा ट्युनिशियात आहे. लोमेल्लिनींनी पेल्यीच्या कोळ्यांना तिथे नेऊन वसवलं. तांबड्या पोवळ्याला तेव्हा जगभर मागणी होती. भूमध्य समुद्रातलं पोवळं लिव्होर्नोच्या व्यापाऱ्यांमार्फत गोव्यापर्यंत येई आणि त्याच्या बदल्यात इथले हिरे तिकडे जात. आपल्या आज्यांच्या गळ्यातल्या पोवळ्यांच्या माळेमागे असाही एक समुद्र होता.

तबार्कात ही मंडळी जवळपास दोनशे वर्षं राहिली. अरबी बोलणाऱ्या मुलखाशी रोजचा देवघेवीचा संबंध होता, पण बेटावर आपलीच वस्ती, आपलंच चर्च, आपलंच काम. अठराव्या शतकात पोवळी कमी होऊ लागली, माणसं वाढली, ट्यूनिसच्या बेचा, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याचा, दबाव वाढला. त्या सुमारास सार्डिनियाचा राजा कार्लो एमान्युएले तिसरा आपल्या राज्यातल्या ओसाड जागा वसवण्याच्या खटपटीत होता. १७३८ मध्ये तबार्कातल्या लोकांचा एक मोठा गट सान पिएत्रोवर आला. सैनिकी अभियंत्याने आखलेल्या आराखड्यावर गाव उभं राहिलं आणि राजाच्या नावावरून त्याचं कार्लोफोर्ते झालं. कागदोपत्री, म्हणजे. घरात आणि रस्त्यावर तिथले लोक त्याला ‘उ पाइझे’ म्हणतात, नुसतं ‘गाव’.

जे मागे राहिले त्यांचं नशीब फुटकं निघालं. १७४१ मध्ये ट्यूनिसच्या बेने तबार्का घेतलं आणि तिथल्या रहिवाशांना गुलाम केलं. त्यांतल्या काहींना पुढे सोडवून कार्लोफोर्तेत आणलं गेलं. काहींनी १७७० मध्ये शेजारच्या सांतांतिओको बेटावर कालासेत्ता वसवलं. काही अल्जियर्सच्या ताब्यात गेले आणि तिथून स्पेनच्या किनाऱ्यावर पोचले. या तिसऱ्या गटाकडे पुढे यायचंच आहे, कारण प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा त्यांच्याकडे आहे.

पुतळा आणि काळी माता

कार्लोफोर्तेच्या धक्क्यासमोर राजा कार्लो एमान्युएलेचा संगमरवरी पुतळा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेला. त्याचा एक हात तुटलेला आहे. १७९३ च्या जानेवारीत क्रांतिकारी फ्रान्सच्या फौजा बेटावर उतरल्या. त्यांनी बेटाचं नाव बदलून ‘स्वातंत्र्याचं बेट’ केलं. फिलिप्पो बुओनारोती हा पुढे युरोपभर गाजलेला क्रांतिकारकही तेव्हा इथे होता. राजाचा पुतळा फ्रेंचांच्या हाती लागू नये म्हणून गावकऱ्यांनी तो पुरून ठेवला आणि त्या धावपळीत हात मोडला, असं गाव सांगतं. काही महिन्यांतच स्पॅनिश आरमाराने फ्रेंचांना हुसकावलं. पुतळा पुन्हा उभा राहिला, हात मात्र बसवला नाही.

पाच वर्षांनी याहून फार मोठा घाव बसला. सप्टेंबर १७९८ च्या सुरुवातीला एका रात्री ट्यूनिसचे चाचे गावावर चालून आले आणि सुमारे ९०० माणसांना पकडून घेऊन गेले. बायका, मुलं, म्हातारे. त्या काळच्या कार्लोफोर्तेसाठी हा आकडा म्हणजे घरटी कोणी ना कोणी. पाच वर्षं ही माणसं ट्युनिशियात गुलाम म्हणून राहिली. खंडणी आणि राजनैतिक रदबदली यांच्या बळावर १८०३ मध्ये त्यांची सुटका झाली.

या बंदिवासातून ते एक मूर्ती घेऊन आले. निकोला मोरेत्तो या तरुण गुलामाला १८०० मध्ये नाबेलजवळ समुद्राकाठी काळपट लाकडाची एक स्त्रीमूर्ती सापडली. ती बहुधा एखाद्या जहाजाच्या नाळेवरची असावी. गुलामांनी तिच्यात माता मेरी पाहिली, तिच्याभोवती प्रार्थना होऊ लागल्या, आणि सुटका झाल्यावर ती त्यांच्याबरोबर घरी आली. आज ती गावातल्या अरुंद गल्लीतल्या एका छोट्या प्रार्थनागृहात आहे. ‘गुलामाची माता’ असं तिचं नाव. १५ नोव्हेंबरला तिचा सण असतो. त्याआधी ४ नोव्हेंबरला गावाचा संत कार्लो. त्या वेळी उन्हाळ्यातले पाहुणे कधीच निघून गेलेले असतात, मिस्त्रालचा वारा सुरू झालेला असतो, कधीकधी फेरीबोट बंद असते. म्हणजे गावाचा सगळ्यात जिव्हाळ्याचा सण गाव फक्त गावाचं असतं तेव्हा येतो.

बोलीच्या दृष्टीने १७९८ ची घटना मला निर्णायक वाटते. परक्या मुलखात एकत्र भोगलेल्या पाच वर्षांनी ‘आपण कोण’ हे पक्कं केलं. हे लोक स्वतःला जेनोईज म्हणवत नाहीत, सार्डही म्हणवत नाहीत. ते तबार्कीन आहेत: ज्या बेटावर त्यांतल्या कोणाचाही आज जन्म होत नाही, त्या बेटाचं नाव लावणारे.

कामाची भाषा

पण आठवणींवर भाषा जगत नाही. ती जगते कामावर. कार्लोफोर्तेचं मुख्य काम होतं कुपा, म्हणजे टूना मासा, धरण्याचं.

ब्लूफिन जातीचा कुपा वसंत ऋतूत अटलांटिकमधून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्रात शिरतो, अंडी घालण्यासाठी. त्याच्या वाटेत, सान पिएत्रोच्या उत्तरेला, शतकानुशतकं जाळ्यांचा एक वाडा उभा केला जातो. त्याला तोन्नारा म्हणतात. हे फेकायचं किंवा ओढायचं जाळं नव्हे. नांगर टाकून तळाशी पक्कं केलेलं, वर तरंगांनी धरलेलं, समुद्रात उभं असलेलं बांधकामच ते. किनाऱ्याच्या बाजूने एक लांबच लांब जाळीची भिंत निघते. कुपा भिंतीला अडला की खोल पाण्याकडे वळतो आणि वाड्याच्या पहिल्या दालनात शिरतो. तिथून पुढची दालनं. प्रत्येकाला जाळीचंच दार. मासे आत गेले की दार लावायचं, मोजदाद करायची, पुढचं उघडायचं, कधी दिवसभर थांबायचं. शेवटच्या दालनाला मात्र तळ असतो. त्याचं नाव मृत्यूचं दालन. चहूबाजूंनी होड्या लावून माणसं तो तळ हातांनी वर ओढत आणतात. पाणी उथळ होत जातं, दोन-दोनशे किलोचे मासे पृष्ठभागावर घुसळू लागतात आणि मग आकड्यांनी ते होडीत घेतले जातात. याला मात्तान्झा म्हणतात. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा.

या साऱ्याचा मुख्य असतो राइस. कोकणात ज्याला तांडेल म्हणतात तसा, पण अधिकार त्याहून मोठा. वारा कुठला, प्रवाह कसा, मासे किती, दार कधी उघडायचं, मात्तान्झा कोणत्या दिवशी, हे तोच ठरवतो. ‘राइस’ हा अरबी शब्द आहे. होडीतला बाकीचा सगळा व्यवहार मात्र तबार्कीनोत. एक चुकीचा ऐकलेला शब्द म्हणजे आठवडाभराची मेहनत दाराबाहेर. त्यामुळे बाहेरून आलेला गडीसुद्धा पहिल्या हंगामात ही बोली शिकत असे. त्याला कोणी शिकवणी लावत नव्हतं. शिकल्याशिवाय दोरी हातात मिळत नव्हती, एवढंच.

एप्रिलात जाळी उतरली की जूनपर्यंत हंगाम. २९ जूनला संत पीटरचा, म्हणजे कोळ्यांच्या संताचा सण, मूर्ती होडीतून समुद्रात नेण्याचा. मधल्या काळात किनाऱ्यावरच्या कारखान्यांत मासा कापणं, शिजवणं, तेलात भरणं. कुप्याचं काही वाया जात नसे. गाभोळी खारवून वाळवली की बोत्तार्गा, पाठीचं मांस वाळवलं की मुशाम्मे. काळीज आणि पोटसुद्धा खारवून ठेवायचे. उरलेलं वर्षभर जाळी दुरुस्त करायची, दोर वळायचे, होड्यांना डांबर फासायचं. गावाचं अख्खं वर्ष असं एका माशाच्या येण्याभोवती लागलेलं होतं, आणि त्या वर्षाला लागणारा प्रत्येक शब्द तबार्कीनोत होता.

खनिजवाले नावाडी

दुसरं मोठं काम होतं खनिज वाहण्याचं. सार्डिनियाच्या समोरच्या किनाऱ्यावर, इग्लेसियास भागात, शिसं आणि जस्ताच्या खाणी होत्या. तिथे बंदर नव्हतं. उभे कडे आणि त्यांच्यामध्ये लहानशा पुळणी. मोठी जहाजं लागत ती कार्लोफोर्तेच्या सुरक्षित धक्क्यावर. या दोहोंच्या मध्ये होते कार्लोफोर्तेचे नावाडी. त्रिकोणी शिडाच्या होड्या पुळणीला लावायच्या, टोपल्या पाठीवर घेऊन खनिज भरायचं, वाऱ्याचा अंदाज घेत गावापर्यंत आणायचं आणि पुन्हा टोपल्यांनीच जहाजात चढवायचं. पाठ मोडणारं काम, मजुरी तुटपुंजी, आणि हवामान बिघडलं तर होडी खनिजासकट तळाला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीतल्या पिएमोंतेहून आलेला जुझेप्पे काव्हल्लेरा नावाचा तरुण समाजवादी इथे राहिला. पेशाने डॉक्टर. त्याने या नावाड्यांची संघटना बांधली. सार्डिनियातल्या कामगार चळवळीचा इतिहास सांगताना हे गाव वगळता येत नाही ते यामुळे. संघटनेमुळे आणखी एक घडलं, ज्याची नोंद भाषेच्या अभ्यासात सहसा होत नाही. तबार्कीनो आता नुसती घरातली बोली राहिली नाही. मजुरीच्या मागणीची, सभेची, वादाची भाषा झाली. ती बोलणं हे गावंढळपणाचं लक्षण ठरलं नाही.

१९२४ मध्ये चेझारे व्हेचेल्ली या अभियंत्याने मासुआच्या कड्यात पोर्तो फ्लाव्हिया बांधलं. आपल्या मुलीचं नाव त्याने त्याला दिलं. कड्याच्या पोटात बोगदे आणि खनिजाची कोठारं, आणि बाहेर समुद्रावर लोंबणारा पट्टा, थेट जहाजाच्या पोटात माल ओतणारा. अभियांत्रिकी म्हणून अप्रतिम. आज लोक ते बघायला हौसेने जातात आणि बघावंच. पण त्या पट्ट्याने कार्लोफोर्तेच्या नावाड्यांचं काम कायमचं काढून घेतलं. तिथल्या माहितीफलकासमोर उभं राहणाऱ्याला दोन्ही गोष्टी कळायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

काम गेलं तेव्हा गावाने जहाजांवरची नोकरी धरली. कार्लोफोर्तेत नौकानयनाची शाळा आहे. इथली मुलं व्यापारी जहाजांवर अधिकारी आणि इंजिनियर म्हणून जगभर जातात आणि महिनोन्‌महिने बाहेर राहतात. समुद्रावर जाणाऱ्याची भाषा लवकर सुटेल असं वाटण्यासारखं आहे. झालं उलटं. गावात राहिलेल्या बायकांनी मुलं वाढवली ती तबार्कीनोत, आणि सुट्टीवर आलेल्या माणसाला घरी परतल्याची पहिली खूण ती बोलीच होती.

एक उपकथा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १८९९ मध्ये पृथ्वीचा अक्ष किती डगमगतो हे मोजण्यासाठी ३९ अंश ८ मिनिटं उत्तर या एकाच अक्षांशावर वेधशाळांची साखळी उभारली गेली. जपानमधलं मिझुसावा, मध्य आशियातलं चारजुई, अमेरिकेतली तीन ठिकाणं, आणि कार्लोफोर्ते. सान व्हित्तोरिओच्या जुन्या बुरुजात दुर्बीण बसली. रात्रीमागून रात्र तेच तारे, त्याच क्रमाने, अनेक दशकं टिपले गेले. कुपा धरणाऱ्या गावाच्या टोकाला बसून कोणीतरी ध्रुवाची हालचाल मोजत होतं, ही गोष्ट मला फार आवडते.

चुलीवरचा पुरावा

या गावाचा प्रवास समजायचा तर स्वयंपाकघरात डोकवावं. फाइने हा प्रकार जेनोआचा: हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल. पातळ भिजवून काही तास ठेवायचं, पसरट तांब्याच्या परातीत ओतायचं आणि लाकडाच्या भट्टीत वरून तांबूस होईपर्यंत भाजायचं. बेसनाच्या धिरड्यावर वाढलेल्या कोणालाही पहिल्याच घासाला ओळख पटेल. कास्का मात्र ट्युनिशियाचा कुसकुस. रव्याचे दाणे हाताने वळून वाफवायचे, वर कोबी, गाजर, हरभरे. पण आफ्रिकेतल्या मुसलमान शेजाऱ्यांकडून घेतलेल्या या पदार्थात कार्लोफोर्तेने डुकराचं मांस घातलं. काप्पोनाद्दा ही खलाशांची: जहाजावरची कडक बिस्किटं पाण्यात भिजवून त्यावर टोमॅटो, तेल, खारवलेला कुपा.

तिन्ही पदार्थ एकाच घरात, एकाच आठवड्यात होतात, आणि कोणी त्यांना वारसा म्हणून वाढत नाही. या गावाने बाहेरचं पुष्कळ घेतलं आणि जे घेतलं ते आपल्या पद्धतीने करून घेतलं. माणसांच्या बाबतीतही तसंच. जेनोआ ज्या प्रांतात आहे त्या लिगुरियातून, नेपल्सच्या बाजूने, सार्डिनियाच्या आतल्या भागातून कुटुंबं येत राहिली आणि एक-दोन पिढ्यांत तबार्कीन झाली. कालासेत्तात तर पिएमोंतेच्या वसाहतकऱ्यांचा आख्खा गट आणून वसवला होता. त्यांचे वंशजही आज तबार्कीनोच बोलतात. येणाऱ्याला दार बंद करून ही बोली वाचली नाही, येणाऱ्याला बोलायला लावून वाचली.

तिसरं बेट

आता स्पेनला गेलेल्यांकडे वळू. राजा कार्लोस तिसऱ्याने १७६८ च्या सुमारास अल्जियर्समधून सोडवून आणलेल्या तीनशेएक तबार्कीनांना अलिकांतेसमोरच्या एका चिमुकल्या बेटावर वसवण्यात आलं. त्याचं नाव ठेवलं नुएव्हा ताबार्का, नवं तबार्का. आखीव रस्ते, तटबंदी, वेशी, चर्च, सारं बांधून दिलं. वारसा म्हणून बघायला गेलात तर दगडी कामात नुएव्हा ताबार्का कार्लोफोर्तेपेक्षा काही कमी नाही.

तिथे बोली मेली. एकोणिसाव्या शतकातच ती विरत गेली. आडनावं उरली: कार्लोफोर्तेतलं लुक्सोरो तिथे लुचोरो म्हणून भेटतं. बेट अगदी लहान, शेतीला जमीन नाही, गोडं पाणी नाही. पोटासाठी समोरच्या किनाऱ्यावर, सांता पोला आणि अलिकांतेकडे बघावं लागे. अधिकारी स्पॅनिश, बाजार व्हॅलेन्सियन बोलणारा. कामाची भाषा दुसऱ्याची झाली आणि घरातली भाषा तिच्यामागून गेली. आज तिथे बारा महिने राहणारे लोक मूठभर आहेत. उन्हाळ्यात मात्र पर्यटकांनी बेट फुलून जातं.

एकाच वंशाचे, एकच बोली बोलणारे, सारखीच गुलामगिरी भोगलेले लोक तीन बेटांवर गेले. दोन ठिकाणी बोली जगली, एका ठिकाणी गेली. फरक अभिमानात नव्हता. कार्लोफोर्तेकडे स्वतःचा कुपा होता, स्वतःची होडी होती, आणि समोरच्या किनाऱ्याला कार्लोफोर्तेची गरज होती. नुएव्हा ताबार्काला समोरच्या किनाऱ्याची गरज होती. माझ्या मते प्रकरणाचं मर्म इथे आहे.

कायद्याच्या यादीत नसलेली बोली

१९९९ मध्ये इटलीने ४८२ क्रमांकाचा कायदा करून बारा अल्पसंख्य भाषिक समूहांना संरक्षण दिलं. त्यात सार्ड आहे, अल्गेरो शहरात बोलली जाणारी कातालान आहे. तबार्कीनो नाही. कारण काय, तर ती लिगुरियन बोलींच्या कुळातली, आणि लिगुरियन ही इटलीची ‘बोली’ मानली जाते, वेगळी भाषा नव्हे. म्हणजे दक्षिण इटलीतल्या गावांत येऊन राहिलेले अल्बेनियन अल्पसंख्य ठरले आणि सार्डिनियात तेवढ्याच एकाकी पडलेले तबार्कीन ठरले नाहीत. हा अन्यायच आहे. यादी करणाऱ्यांनी भाषेचं कुळ पाहिलं, ती बोलणाऱ्यांची परिस्थिती पाहिली नाही.

सार्डिनियाचं प्रादेशिक सरकार या बाबतीत शहाणं निघालं. १९९७ च्या २६ क्रमांकाच्या प्रादेशिक कायद्यात त्याने सार्ड भाषेबरोबर तबार्कीनोचीही दखल घेतली. २०१८ च्या कायद्यातही ती आहे. या बोलीसाठी सगळ्यात जास्त काम केलं ते फिओरेन्झो तोझो या भाषाशास्त्रज्ञाने. लिगुरियात जन्मलेला, सास्सारी विद्यापीठात शिकवणारा हा माणूस २०२२ मध्ये गेला. त्याने तबार्कीनोचं व्याकरण लिहिलं, कोशाचं काम हाती घेतलं, आणि ४८२ च्या यादीतली विसंगती वर्षानुवर्षं परखडपणे मांडली. गावातल्या शिक्षकांच्या साथीने ही बोली वर्गात आणण्याचे प्रयत्नही झाले. हे सगळं मोलाचं आहे. फक्त क्रम लक्षात ठेवायला हवा: कायदा आला तेव्हा बोली धडधाकट होती. तिला कायद्याने उभं केलेलं नाही.

आजचं गाव

आता काळजीचं बोलायचं ते असं की, ज्या कामांनी ही बोली पोसली ती कामं आटत चालली आहेत. नावाड्यांचं काम शंभर वर्षांपूर्वी गेलं. तोन्नारा अजून लागतो, इटलीत उरलेल्या अगदी मोजक्यांपैकी एक. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पर्ससीनच्या, म्हणजे थव्याभोवती जाळं फिरवून ते खालून आवळणाऱ्या, मोठ्या जहाजांनी ब्लूफिनचा इतका उपसा केला की मासा संपायची वेळ आली. पर्ससीन म्हणजे काय हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. २००६ मध्ये कुप्याच्या मासेमारीवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने साठा सावरण्याची योजना आखली आणि पुढच्या काही वर्षांत कोटे कडक केले. मासा वाचला, साठा सावरला, आणि हे चांगलंच झालं. अडचण कोट्याच्या वाटणीत आहे. इटलीच्या वाट्याचा बहुतेक कोटा पर्ससीनच्या जहाजांना जातो. तोन्नाराला मिळतो तो लहानसा हिस्सा. ज्यांनी शतकानुशतकं माशाची वाट पाहिली, त्याचा पाठलाग केला नाही, त्यांना ही शिक्षा का? उभं जाळं समुद्र खरवडत नाही, डिझेल जाळत नाही, लहान मासा सोडून देता येतो, आणि शंभरेक हातांना काम देतं. कोट्याचा तक्ता करताना या गोष्टींना गुण मिळायला हवेत. आता तोन्नारात शिरलेला बराचसा कुपा मारलाही जात नाही. जिवंतच पिंजऱ्यात घालून पुष्ट करण्यासाठी दुसरीकडे नेला जातो, आणि किनाऱ्यावरचं कापण्या-शिजवण्याचं काम त्याच्याबरोबर जातं. गावासमोरच्या इझोला पियाना बेटावर जुना कारखाना होता, तिथे आता सुट्टीची घरं आहेत.

या गेलेल्या कामाच्या जागी जिरोतोन्नो आला आहे. मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला भरणारा कुप्याचा महोत्सव: देशोदेशींचे आचारी, स्पर्धा, मैफली, फेरीबोटी भरभरून माणसं. मी याला नावं ठेवणार नाही. चार दिवसांत गावातल्या हॉटेलवाल्याची, मासळीवाल्याची वर्षाची बेगमी होते, आणि पोरांना आपल्या माशाचा मान दिसतो. पण महोत्सवात बोलली जाते इटालियन, कारण पाहुणा इटालियन बोलतो. तोन्नाराच्या होडीत पाहुण्याला तबार्कीनो शिकावी लागायची. महोत्सवात गावाला पाहुण्याची भाषा बोलावी लागते. पर्यटन जितकं वाढेल तितकं हे पारडं झुकत जाईल, आणि नुएव्हा ताबार्का कसं दिसतं ते आपण पाहिलं आहे.

तरीही आजच्या घडीला कार्लोफोर्ते नुएव्हा ताबार्का नाही. नोव्हेंबरात संध्याकाळी धक्क्यावर फेऱ्या मारणारी माणसं, चौकातल्या मोठाल्या फायकसच्या झाडांखाली बाकांवर बसलेले निवृत्त कप्तान, नाक्यावरच्या बारमध्ये बोट सुटेल का नाही यावरची चर्चा, हे सगळं अजून तबार्कीनोत चालतं. पाहुण्यांशिवायचे आठ महिने हे या बोलीचं खरं घर आहे. म्हणून त्या आठ महिन्यांत गावात राहता यावं यासाठी जे जे लागतं ते सगळं भाषेच्या खात्यात धरायला हवं: हिवाळ्यातही वेळेवर सुटणारी फेरीबोट, डॉक्टर, नौकानयन शाळेचे वर्ग, भाड्याने मिळणारं घर जे जूनमध्ये रिकामं करावं लागत नाही.

४८२ च्या यादीत तबार्कीनोचं नाव घालावं ही मागणी रास्त आहे आणि ती रेटली गेलीच पाहिजे. पण कोणी मला विचारलं की पहिला अर्ज कुठे करावा, तर मी म्हणेन मत्स्यव्यवसाय खात्याकडे. पर्ससीनच्या वाट्यातून थोडा कोटा काढून तोन्नाराला द्या, आणि धरलेल्या माशातला ठरावीक भाग बेटावरच कापला-शिजवला जाईल अशी अट घाला. एप्रिलात जाळी उतरवायला वीस-पंचवीस वर्षांची नवी पोरं लागतील, आणि राइस त्यांना हाका मारेल त्या तबार्कीनोतच.